थंड चाकाची हवा

माझ्या वडिलांचा नत्रावर फार जीव होता. ते सरकारी शेतकी खात्यात होते आणि सौंसर तालुक्यातले संत्र्याचे बगीचे पाहत फिरणं हे त्यांचं काम. रामाकोन्यापासून लोधीखेड्यापर्यंत कोणाच्याही झाडाची पानं पिवळी पडली की बाबांना बोलावणं यायचं. बाबा एक पान तोडून उन्हाकडे धरायचे आणि म्हणायचे, "नत्र कमी पडून राहिला, बापा." मग पुढचं भाषण ठरलेलं. "हवेत सारा नत्रच भरला हाये. चार हिस्से हवा घेतली तं तीन हिस्से नत्र. पण झाडाले तो असा फुकटात घेता येत नाही. लग्नघरी बसून उपाशी रायते बिचारं." शेतकरी हसायचे, युरिया किती टाकू म्हणून विचारायचे, आणि निघताना आम्हाला पिशवीभर संत्री मिळायची.

त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात सौंसरच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर "काकाजी, टायरात नायट्रोजन टाकून देऊ का?" असं कोणी विचारलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी संत्र्याचं पिवळं पान आलं आणि मग टायर. आम्ही दोघं नवराबायको नागपूरहून जामसावळीच्या मारुतीला निघालो होतो. हे खाली उतरून पाय मोकळे करत होते. मी खिडकीची काच खाली करून बसले होते. चपला काढून पाय वर घ्यायची माझी जुनी सवय आहे, गाडीत बसल्यावर मला पायांना मोकळं लागतं.

पंपावरचा माणूस बोलका होता. "हवा उतरत नाही लवकर. साधी हवा महिन्यात बसते, हे टिकते. उन्हाळ्यात टायर फुगत नाही. आतमधी ओल नाही रायत, म्हणून रिंग गंजत नाही. रबर टिकते. विमानाच्या चाकात हेच भरतेत, काकाजी."

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. वायूंबद्दल कोणी बोलायला लागलं की माझे कान टवकारतात, आणि समोरचा चुकला तर मला राहवत नाही. हा चुकत नव्हता. फक्त तिखटमीठ जरा जास्त होतं. नायट्रोजन कोरडा असतो हे खरं. रबरातून तो सावकाश निसटतो हेही खरं. पण साध्या हवेतही तीन हिस्से तोच असतो, मग उरलेल्या एका हिश्शासाठी एवढा थाट कशाला, असं मी मनात म्हटलं. ह्यांना मात्र पटलं. ह्यांना विमानाचं उदाहरण दिलं की काहीही पटतं.

"पण पहिले जुनी हवा पूर्ण खाली करा लागते," तो माणूस म्हणाला, "नाहीतर फायदा नाही." आणि तो मागच्या चाकाशी उकिडवा बसला.

तो टोपण काढतो आहे तोवर मला आमच्या गाडीबद्दल सांगू द्या.

ऐंशीच्या दशकात आम्ही सौंसरला राहत होतो. गावाच्या कडेला सरकारी क्वार्टर होतं, पुढे मोकळं अंगण, कडेला कडुनिंब, आणि त्याच्या अर्ध्या सावलीत आमची मोटार. पांढरी, गोल पोटाची, तेव्हा जिकडेतिकडे दिसायची तीच. बाबांनी ती पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडून घेतली होती, आणि त्या व्यापाऱ्यानेही ती दुसऱ्याकडून घेतलेली. तिचा हॉर्न सोडून सगळं वाजतं असा विनोद आमच्या पांढुर्ण्याच्या काकांनी केला होता. बाबांना तो आवडला नव्हता.

दर शनिवारी आम्ही जामसावळीला जायचो. पण त्याआधी पहाटवाऱ्यात चाकांत हवा भरायची, हा त्याहून मोठा विधी होता. बाबांकडे पायाने दाबायचा एक पंप होता. हवेच्या दुकानात ते गाडी कधी नेत नसत. पंपाच्या नळीचं तोंड झिजलं होतं, त्याचा खटका बसत नसे, म्हणून ते कोणीतरी चाकाच्या वॉल्व्हवर घट्ट दाबून धरावं लागे. ते काम आईचं. ती पोळ्यांचा पाट उचलून आणायची, चाकाजवळ ठेवून त्यावर बसायची आणि दोन्ही हातांनी नळी धरायची. बाबा कमरेवर हात ठेवून पंप दाबायचे. मी चारही टोपणं मुठीत घेऊन उभी राहायची.

रस्त्याने जाणाऱ्या बायका बघायच्या आणि विहिरीवर बोलायच्या. साहेबाची बायको चाकापाशी मातीत बसते, असं. एकदा शेजारच्या बाईंनी तोंडावरच विचारलं, तर आई म्हणाली, "अवो, नळी सुटते न. धरा लागते." बस, एवढंच. नव्वद टक्के भाषण बाबांकडे आणि उरलेलं आईकडे, असा आमच्या घराचा कारभार होता. त्या पंपाचं तोंड दुरुस्त करून आणायला बाजारात जायचं म्हटलं तर चहाच्या वेळेत झालं असतं. बाबांनी ते कधीच केलं नाही.

हवा नेहमी सकाळी, गाडी हलायच्या आधी. "थंड्या चाकाची हवा खरी, तपल्या चाकाची खोटी," हे त्यांचं वाक्य. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला कळेल. दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. त्या गरमीत चाकं फुगतात, आणि आमच्याकडच्या चालकांना वाटतं आता फुटणार. मग नाक्यावर ट्रक उभा करून खिळ्याने वॉल्व्ह दाबायचा आणि हवा सोडायची. संत्र्याचे ट्रक, कापसाचे ट्रक, जीपा, सगळे तेच करायचे. वैशाख लागला की नाक्यावरून जाताना तो सुस्स आवाज ऐकू यायचाच. बाबा गाडी थांबवून उतरायचे. "अबे, तपल्यावर सोडशील तं सकाळी चाक बसंल. अन् बसलं चाक धावलं तं अजून तपंल. मग फुटंल." लोक मान डोलवायचे. बाबा गेले की पुन्हा खिळा. गाढवापुढे वाचली गीता, असं म्हणून बाबा गाडीत बसायचे, आणि पुढच्या नाक्यावर पुन्हा उतरायचे.

मी नागपूरला कॉलेजात शिकत होते. परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी आले होते, त्या चैत्रात एका शनिवारी बाबांनी चाकांत हवा भरली, आम्ही जामसावळीला जाऊन आलो, आणि सोमवारी दुपारी ऑफिसातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या ते गेले. कोणाशी तरी संत्र्याच्या मृग बहराबद्दल बोलत होते म्हणे. बोलता बोलता थांबले. ऑफिसच्या जीपमधून त्यांना घरी आणलं. जीप आमच्या गाडीच्या शेजारी उभी केली.

मला काही वाटलं नाही. हे मी जसं होतं तसं सांगते आहे. पाय फार वेळ दुमडून बसलं की पाय आपला आहे हे दिसतं पण कळत नाही, तसं मला सगळ्या अंगाचं झालं होतं. घरात बायका जमल्या, रडारड सुरू झाली, आणि मी स्वयंपाकघरात स्टोव्हची पिन शोधत होते. इतक्या लोकांचा चहा करायचा आणि पिन सापडत नाही. मला पिनेचा राग आला होता, तो आठवतो. बाकी काही आठवत नाही.

आईही रडली नाही. आमच्याकडे अशा घरात कोणी रडलं नाही तर बायकांना काळजी वाटते. त्या येऊन गळ्यात पडतात, गेलेल्या माणसाच्या आठवणी काढतात, रडवतात. ते बरंच असतं, आत साचू देऊ नये असा त्यामागचा हेतू. रामाकोन्याच्या एका म्हातारीने मला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. "रड वं माय, रड. बाप गेला तुहा." मी म्हटलं, "हो." ती आईकडे गेली. आईने तिला पाणी विचारलं. मागे कोणीतरी म्हणालं की मायलेकी दोघी दगड झाल्या, आणि मला ते अगदी बरोबर वाटलं.

तेरावं झालं. सगळे आपापल्या घरी गेले. आई सकाळी उठायची, सडा टाकायची, आणि सड्याची बादली ठेवून गाडीकडे जायची. एकेका चाकाशी वाकायची आणि अंगठ्याने दाबून बघायची. मग आत यायची. मी अंथरुणातून खिडकीतून हे बघायची. मला वाटलं, सवय. गाडी तर कोणी चालवणार नव्हतं. आईला येत नव्हती, मला बाबा शिकवणार होते. हवेचं मीटर खुंटीला टांगलेलं होतं, ते का लावत नाही असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "मीटर लावलं की जरा हवा जाते." मी बरं म्हटलं आणि विसरले. विज्ञानाची विद्यार्थिनी होते, पण डोकं चालत नव्हतं.

वैशाखात पांढुर्ण्याचे काका आले. बाबांचे धाकटे भाऊ. पांढुर्ण्याला त्यांचं किराण्याचं दुकान होतं. फार प्रेमळ माणूस, हाताला सतत काम हवं असलेला. आले की नळाचा वॉशर बदल, दाराची बिजागरी ठोक, असं चालायचं. क्वार्टर सोडावं लागणार होतं. बाबांच्या जागी नवे साहेब आले होते आणि बिचारे आमच्यासाठी विश्रामगृहात दिवस काढत होते. आम्ही पांढुर्ण्याला काकांकडे जायचं असं ठरत होतं. त्यांच्या गल्लीत बैलगाडी कशीबशी जाते, मोटार तर घुसूच शकत नव्हती. म्हणजे गाडी विकावी लागणार, हेही ठरल्यासारखंच होतं. आईने हो-नाही काही म्हटलं नव्हतं.

दुपारची वेळ. बाहेर बघवत नव्हतं इतकं ऊन. आई आतल्या खोलीत ओल्या फरशीवर आडवी झाली होती आणि मी कैरी किसत होते. काकांना झोप येईना म्हणून ते अंगणात गेले. निंबाची सावली सरकली होती, गाडीची एक बाजू उन्हात आली होती. काकांनी मागच्या चाकावर हात ठेवला, चटका बसला असणार. चाक टणक लागलं असणार. त्यांनी तेच केलं जे आमच्याकडचा कोणीही भला माणूस वैशाखात करतो. खिळा घेतला आणि वॉल्व्ह दाबला.

सुस्स.

तो आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. किसणी थांबवली नाही. पण माझ्या पाठीमागून आई गेली. ती पळत गेली. माझ्या आईला मी त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. अनवाणी, डोक्यावरचा पदर खाली, ती त्या तापलेल्या अंगणातून पळाली आणि काकांचा हात ढकलून तिने वॉल्व्हवर अंगठा दाबला.

"भाऊजी, सोडू नका! त्यायनं भरली होती ते हवा!"

काका घाबरले. "अवो वहिनी, टायर फुटंल न... तपून राहिलं... म्हणून म्या..."

"त्यायनं भरली होती," आई म्हणाली. "त्यायनं भरली होती न जी."

आणि ती खाली बसली, मातीत, चाकाला टेकून, आणि रडायला लागली. तेरा दिवसांत जे झालं नव्हतं ते झालं. वॉल्व्ह सोडला की आपोआप बंद होतो हे तिला माहीत होतं, तरी अंगठा काढेना. काका हातात खिळा घेऊन तसेच उभे. मग तेही तिच्यासमोर खाली बसले. "म्या त्याच्या भल्यासाठीच..." एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्याच्या म्हणजे टायरच्या की बाबांच्या, मला कळलं नाही.

मी दारात उभी होते. आता सगळं लक्षात आलं होतं. सकाळचा अंगठा, न लावलेलं मीटर, सगळं. बाबांच्या कपड्यांची पेटी बांधून ठेवली होती, चष्मा काकांनी नेला होता, अस्थी तर केव्हाच नदीत सोडल्या होत्या. त्यांच्या पायाने भरलेलं आणि तिच्या हातांनी धरलेलं असं एवढंच उरलं होतं, चार चाकांमध्ये. ते रोज थोडं थोडं निसटत असणार आणि ती रोज सकाळी बघत होती की आहे का. हे मला कळलं, अगदी स्वच्छ कळलं, आणि तरी मला काही वाटलं नाही. मला फक्त दिसलं की तिचे पाय भाजताहेत. मी आत जाऊन तिच्या चपला आणल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या. मग जाऊन कैरी किसली.

त्यानंतर गाडी विकायचं कोणी बोललं नाही. नव्या साहेबांनी मोठ्या मनाने सांगितलं की थंडीपर्यंत राहा. काका यायचे तेव्हा त्या मागच्या चाकाकडे बघत नसत. पाठ करून बसायचे.

उन्हाळा होता तोवर चाकं भरलेली दिसत होती. गरमीने आतली हवा फुगते, त्यामुळे कमी झालेली कळत नाही. आईला वाटत होतं टिकते आहे. मी समजावून सांगू शकले असते. दाब, तापमान, सगळं माझ्या पुस्तकात होतं, आणि बाबांच्या एका वाक्यातही होतं. मी काही बोलले नाही, बोलून काय होणार होतं? दिवाळीनंतर थंडी पडली. सकाळी गाडीच्या टपावर दव दिसायला लागलं, आणि खरी हवा कळायला लागली. काकांनी सोडलेलं चाक आधी बसलं. मग पुढचं एक. गाडी एका अंगावर कलली. आई सड्याची बादली ठेवून आत आली आणि म्हणाली, "मागचं पुरं बसलं. बाकीचेही बसून राहिले." तिच्या आवाजात काही नव्हतं. ती म्हणाली, "भाऊजीले कळव. गाडी देऊन टाकू."

घेणारा पांढुर्ण्याचा संत्र्याचा व्यापारी होता. बाबांना ओळखणारा, बोलायला मऊ. आपला चालक घेऊन आला. चालकाने गाडीला एक फेरी मारली, चाकांना लाथ मारून बघितली आणि म्हणाला, "बाई, ट्यूबा जुन्या झाल्या. पहिले सारं खाली करतो, ट्यूबा बदलून मग भरतो."

आई पायरीवर उभी होती. "खाली नका करू," ती म्हणाली. "ट्यूब पांढुर्ण्याले जाऊन बदला. आता त्यातच भरा."

"अजी पण बाई..."

"त्यातच भरा."

चालकाने मालकाकडे पाहिलं. व्यापारी जुना माणूस होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, पण विधवा बाई काही म्हणते तर का म्हणते ते विचारायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. "बाई म्हणते तसं कर," तो म्हणाला. मला आईचं गणित कळलं होतं. भांड्यात दही थोडं राहिलं की त्यावर दूध ओततात आणि सगळंच दही होतं. तेवढं थोडं राहायला हवं.

चालकाकडे पंप नव्हता, तो बाजारातून आणणार होता. आईने बाबांचा पंप आणला, आणि पाट आणला. चाकापाशी बसली. नळी वॉल्व्हवर दोन्ही हातांनी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी पंप दाबायला लागले. चालक मी करतो म्हणाला, आईने मानेनेच नको म्हटलं. एक चाक झालं की ती पाट उचलायची आणि पुढच्या चाकाशी जायची.  माझी पोटरी भरून आली. मी समोर निंबाच्या खोडावर चाललेल्या मुंग्या बघत होते. बाबा असे कमरेवर हात ठेवून कुठे बघत असतील, असं एकदा मनात आलं. तेवढंच. गाडी हळूहळू सरळ झाली.

टोपणं आईने स्वतः लावली. गाडी पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती थांबलीही नाही. हाताला ग्रीस लागलं होतं, ते राखेने घासायला नळावर गेली.

आम्हीही त्याच महिन्यात पांढुर्ण्याला गेलो. गाडी गावातच होती, बाजारात कधी दिसायची, संत्र्याच्या पेट्यांनी भरलेली. आई तिच्याकडे बघायची नाही. ट्यूबा केव्हाच बदलल्या असतील. पंप मात्र तिने दिला नव्हता. तो काकांच्या माडीवर पडून राहिला, रबर चिरलं, आणि पुढे कधीतरी भंगारात गेला. माझं लग्न झालं, नोकरी लागली, मुलं झाली. आई गेली तेव्हाही मी रडले नाही. मुलांना वाटलं आई खंबीर आहे. मी खंबीर वगैरे नाही. तो पाय दुमडलेलाच राहिला होता, सरळ करायचा राहून गेला.

ह्यांना मी हे कधी सांगितलं नव्हतं. बाबांचं ते वाक्य तेवढं सांगितलं होतं, थंड्या चाकाचं. ते ह्यांनी मनावर घेतलं. मुलाने ह्यांना गाडीच्या सॉकेटवर चालणारा एक छोटा पंप घेऊन दिला आहे, विजेवरचा. लांब निघायचं असलं की हे भल्या पहाटे खाली उतरतात आणि स्वतः हवा भरतात. त्या दिवशीही भरली होती. मी गॅलरीतून चहाचा कप घेऊन बघत होते. हल्ली ह्यांना खाली वाकायला त्रास होतो. एक हात चाकावर ठेवून हळूहळू उठले, आणि वर बघून हसले.

पंपावरच्या माणसाने टोपण काढलं आणि वॉल्व्ह दाबला.

सुस्स.

मी दार केव्हा उघडलं मला माहीत नाही. मी खाली होते, त्या माणसाचा हात मी धरला होता, आणि मी ओरडत होते. "नका काढू! ह्यांनी भरलीय ती! ह्यांनी भरलीय!"

तो माणूस दचकून मागे बसला. "काकू, पण मग फायदा नाही होत..."

हे धावत आले. "अगं काय झालं? अगं, मी आहे न इथं. गेली तर गेली, पुन्हा भरीन."

मी आहे न इथं. मला ते ऐकू आलं, आणि मी रडायला लागले. तापलेल्या गाडीला टेकून, पंपावर, भर दुपारी, रांगेतल्या मोटरसायकली बघत असताना. बाबांसाठी रडले, आईसाठी रडले, आणि हे माझ्यासमोर धडधाकट उभे आहेत म्हणून रडले. कोणासाठी किती ते मला सांगता येणार नाही. पाय भाजायला लागले तेव्हा लक्षात आलं की मी अनवाणी आहे. हे गाडीत वाकले, माझ्या चपला घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवल्या.

नायट्रोजन भरला नाही. त्या भल्या माणसाने काही न विचारता टोपण परत लावून दिलं. हे गाडीत बसले, गाडी रस्त्यावर घेतली. मग म्हणाले, "मागचं चाक जरा कमी झालं असेल. उद्या घरी भरतो."

"सकाळी भरा," मी म्हटलं. "थंड असताना. मी नळी धरते."

"त्याला धरावं लागत नाही. त्याचा खटका बसतो."

"तरी धरते," मी म्हटलं.